कूपनावरच्या तीन ओळी

आमच्या आजीच्या माजघरात खुंटीला एक तार टांगलेली होती. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेला आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की तारेत टोचून ठेवायचं. तारेवर पोस्टकार्डं होती, निळी आंतर्देशीय पत्रं होती, पण सगळ्यांत जास्त होती ती मनिऑर्डरची कूपनं. आजोबा मुंबईला गिरणीत कामाला. शिमग्याला, गणपतीला आणि दिवाळीला त्यांची मनिऑर्डर यायची. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी चतकोर जागा सोडलेली असे. पोस्टमन ओटीवर बसून पैसे मोजून देई, सही किंवा अंगठा घेई आणि तेवढा तुकडा फाडून हातात ठेवी. त्यात ओळी मावायच्या तीन, अक्षर बारीक असेल तर चार.

आजी गेल्यावर ती तार माझ्याकडे आली. एका कूपनावर शाईच्या पेन्सिलीनं लिहिलंय : ‘गणपतीस बाळूला सदरा घेणे. कौलांचे यातून देऊ नये, ते वेगळे पाठवतो. कपिला व्याली का ते कळवणे.’ बस, एवढंच. गणपतीच्या शुभेच्छा नाहीत, ‘सुखकर्ता’ नाही, मोदकाचं चित्र नाही. तरी हे गणपतीचंच पत्र होतं आणि आजीनं ते जन्मभर जपलं. कारण त्या तीन ओळी दुसऱ्या कुणालाही पाठवता आल्या नसत्या. कौलं त्या घराची, गाय त्या गोठ्यातली, आणि सदरा नाही हे ठाऊक असलेला बाप लालबागच्या एका खोलीत पंधरा जणांबरोबर राहणारा.

सणाच्या पत्रांबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं त्या कूपनावर आहे. शुभेच्छा छापून मिळतात. पत्र म्हणजे एका माणसाकडे तोंड करून सांगितलेली वर्षाची खबर. तोंड कुणाकडे केलंय हे ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं, आणि ते ठरलं नाही तर चार पानं लिहूनही पत्र होत नाही.

सणाला पत्र पाठवण्याची रीत आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. सरदारांची आणि सावकारांची पत्रं जासूद नेत. सामान्य माणसाचा निरोप गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी तोंडी जाई. कागदावरचा निरोप सर्वांच्या आवाक्यात आला तो टपालाचे दर खाली आल्यावर. इंग्लंडात 1840 पूर्वी पत्राचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्यानंच मोजायचे. रोलंड हिल या गृहस्थांनी हिशेब मांडून दाखवला की खरा खर्च वाहतुकीचा नाहीच, तो आकारणी आणि वसुलीच्या खटाटोपाचा आहे. मग 1840 मध्ये देशभर एकच दर झाला : एक पेनी, आगाऊ. 1839 मध्ये तिथे सुमारे 7 कोटी 60 लाख पत्रं गेली होती, पुढच्याच वर्षी तो आकडा 17 कोटींच्या जवळ पोचला. हिंदुस्थानात 1854 पासून अर्ध्या तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात कुठूनही कुठेही जाऊ लागलं. 1879 मध्ये पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं, पोस्टकार्ड आलं. 1880 मध्ये टपालखात्याची मनिऑर्डर सुरू झाली. गिरणगावात आणि कोकणात एकमेकांपासून शेकडो मैल दूर राहून जे संसार चालले, ते या एका पैशाच्या कार्डावर आणि त्या चतकोर कूपनावर चालले. 2015 मध्ये जुन्या पद्धतीची मनिऑर्डर बंद झाली आणि कूपनाची जागाही गेली. आता पैसे क्षणात पोचतात, हे चांगलंच आहे. पण पैशांना चिकटून जाणाऱ्या त्या तीन ओळी वेगळ्या लिहाव्या लागतात, आणि वेगळ्या म्हणूनच त्या राहून जातात.

दर पडल्यावर पत्रांचा जो पूर आला त्यातून भेटकार्ड जन्मलं. हिल यांच्या टपाल सुधारणेत हेन्री कोल नावाचे एक खटपटे अधिकारी होते. लंडनचं आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय पुढे ज्यांच्या हातून उभं राहिलं, तेच हे. ओळखीपाळखी अफाट. 1843 च्या नाताळात उत्तर द्यायच्या पत्रांचा ढीग त्यांच्यासमोर होता. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं : मधोमध तीन पिढ्यांचं कुटुंब पेले उंचावून बसलंय, दोन बाजूंना भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देणारी माणसं. दगडावर छापून, हातानं रंगवून अशी हजारभर कार्डं तयार झाली. उरलेली एका शिलिंगाला एक याप्रमाणे विकली. चित्रातलं लहान मूलही वाइनचा घोट घेतंय म्हणून दारूबंदीवाल्यांनी टीका केली, ती वेगळी गोष्ट. मला त्या कार्डात महत्त्वाच्या वाटतात त्या दोन कोऱ्या जागा. एक ‘कुणास’ म्हणून, एक ‘कुणाकडून’ म्हणून. मजकूर आधीच छापलेला. माणसानं भरायची ती फक्त दोन नावं.

कोल यांची अडचण खरी होती. शंभर लोकांना शंभर वेगळी पत्रं कोण लिहिणार? पुढे अमेरिकेत या अडचणीवर दुसरा तोडगा निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सायक्लोस्टाइल यंत्रं, आणि मागोमाग झेरॉक्स, हाताशी आली. मग नाताळात वर्षभराचा वृत्तान्त एकदाच टाइप करून सगळ्या गोतावळ्याला पाठवायची प्रथा पडली. कुणाची बढती झाली, कोण पदवीधर झालं, कुठे सहल काढली. इंग्लंडातही ती पसरली आणि तिथे तिची भरपूर टिंगल झाली. सायमन हॉगर्ट या पत्रकारानं वाचकांकडून अशी पत्रं मागवून 2004 मध्ये त्यांचं पुस्तकच काढलं. ती टिंगल मला फारशी आवडत नाही, कारण लिहिणाऱ्याची इच्छा चांगलीच होती. पण त्या पत्रांत काहीतरी चुकतं हेही खरं. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या प्राध्यापक अ‍ॅन बर्नेट यांनी 1960 च्या दशकापासूनची अशी हजारो नाताळपत्रं जमवून अभ्यासली. त्यांना काय दिसलं, तर जसजशी वर्षं सरकली तसतसे सणाचे आणि प्रेमाचे शब्द मागे पडत गेले, आणि आपण किती गडबडीत, किती धावपळीत आहोत हे सांगणारे शब्द वाढत गेले. कुटुंबांची जणू व्यग्रतेत चढाओढ लागली होती.

मला वाटतं, समोर चेहरा नसला की असंच होतं. शंभर जणांपुढे बोलताना माणूस आपोआप भाषण करतो. काकूशी बोलताना त्यालाच आठवतं की काकूला आपल्या गुडघ्याबद्दल कुणीतरी विचारायला हवं होतं.

जुन्या मराठी मायन्याची थोरवी मला इथे जाणवते. शाळेत आम्ही मायने पाठ केले आणि मार्क मिळवून विसरलो. पण नीट बघितलं तर मायना लिहिणाऱ्याला आधी एक प्रश्न सोडवायला लावतो : समोरचा तुझा कोण? वडील असतील तर तीर्थरूप आणि साष्टांग नमस्कार. धाकटा असेल तर चिरंजीव आणि अनेक उत्तम आशीर्वाद. स्नेही असेल तर सप्रेम नमस्कार विनंती विशेष. नातं ठरल्याशिवाय लेखणी पहिल्या ओळीच्या पुढे सरकतच नाही. शंभर जणांना मिळून लागू पडेल असा मायना मराठीत नाही, आणि मला ते फार बरं वाटतं. त्यातले काही शब्द गेले ते योग्यच झालं. नवरा हयात आहे की नाही यावरून बाईच्या नावामागे ‘सौ.’ की ‘गं. भा.’ हे ठरवणारी रीत पत्रातून उठली, तिची हळहळ मला नाही. पण ‘ती. आत्यास’ असं लिहून कागदाकडे बघा. त्यानंतर ‘हाय ऑल’सारखा मजकूर लिहायला हातच वळत नाही.

मायन्यानंतर ‘इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी’ असे. याला आपण साचा म्हणतो. साचा आहेच, पण त्यात निम्मं वाक्य समोरच्यासाठी राखलेलं आहे. अमेरिकन वृत्तान्तपत्रात प्रश्न सहसा नसतो. आजोबांच्या कूपनात तीन ओळींतली एक ओळ प्रश्नाची होती. तेवढं प्रमाण मी अजूनही धरून चालतो : दोन सांगायच्या, एक विचारायची. विचारायचं ते ‘कसे आहात?’ असं मोघम नाही. ‘अंगणातला रायवळ यंदा धरला का?’ असं. म्हणजे उत्तर द्यावंसं वाटतं, आणि देता येतं.

गेली अठरा वर्षं मी दिवाळीला पत्रं पाठवतो. पूर्वी बत्तीस होती, आता एकोणीस. माझी पद्धत सांगतो. दसऱ्याच्या बरंच आधी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून टेबलावर घेतो. 1973 पासून हे कॅलेंडर मराठी भिंतींवर आहे आणि त्याच्या चौकटींत घरोघर एक मूक रोजनिशी लिहिली जाते. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, प्लंबरचा नंबर, बाबांचा मोतीबिंदू, पहिला पाऊस, कुणाचं बारसं. वर्षभरात काय घडलं ते आपल्याला आठवत नाही, पण या चौकटींना आठवतं. जानेवारीपासून पानं उलटत गेलो की हातात तीसेक गोष्टी येतात. आता एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्या तीसांतल्या त्याच्या कोणत्या हे बघायचं. बहुतेकांच्या वाट्याला चार-पाच येतात. एवढ्या पुरेशा होतात.

गंमत अशी की ज्या गोष्टी आपल्याला सांगण्याजोग्या वाटतात, त्या बहुधा पत्रात निर्जीव होतात. ‘यंदा केरळला गेलो, फार मजा आली’ हे वाक्य कुणालाही पाठवता येतं, म्हणून कुणालाच पोचत नाही. माझ्या मावशीला मी लिहिलं ते असं : मुन्नारला मळ्यातल्या बायका पाठीवर टोपली घेऊन, डोक्यावर प्लॅस्टिकचं कापड ओढून पावसात पानं खुडत होत्या, आणि मला तू लावणीला इरलं घेऊन वाकलेली दिसलीस. तीच सहल एका गणित शिकवणाऱ्या मित्राला वेगळी सांगितली : घाटातल्या वळणांवर आकडे घातलेले असतात, मुलगी आणि मी उलट्या दिशेनं मोजत उतरलो. सहल एकच. पण मावशीला वळणांचे आकडे घेऊन काय करायचेत?

यशाच्या बातम्यांपाशी तर फारच जपून राहावं लागतं. मुलीला बारावीला चांगले मार्क मिळाले, हे आजीला चार ओळींत सांगावं. तिचा तो हक्कच आहे. पण ज्या बहिणीचा मुलगा त्याच परीक्षेत अडकला तिच्या पत्रात तेच वाक्य तसंच गेलं, तर ते वाक्य बदलतं. शब्द तेच राहतात, अर्थ मात्र टोचणारा होतो. एकच पत्र सगळ्यांना पाठवणाऱ्याला हे कळण्याची सोय नसते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. साधनच तसं आहे.

आजारपण आणि अडचणी लिहाव्यात की नाहीत, असं मला अनेकांनी विचारलंय. सणासुदीचं कशाला, असा आपला सूर असतो. मी म्हणतो, लिहावं. ज्याला आपण वर्षातून एकदाच लिहितो त्याच्यापासून वर्षातली सर्वांत मोठी गोष्ट लपवली तर मग पत्र कशाचं? मात्र ती पहिल्या ओळीत नको, वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. अगदी शेवटीही नको, तो पत्र मिटताना तेवढीच घेऊन उठतो. मध्यावर, सरळ शब्दांत लिहावी. काय झालं, केव्हा झालं, आता कसं आहे. ‘काळजी करू नका’ हे शब्द काळजी वाढवतात. त्याऐवजी खूण द्यावी : ‘जूनमध्ये बायपास झाली. आता सकाळी सोसायटीला चार फेऱ्या मारतो आणि वर येऊन उपमा कमी का केला म्हणून भांडतो.’ वाचणाऱ्याला माणूस बरा झालेला दिसतो.

सर्वांत अवघड पत्र असतं ते वर्षभरात ज्या घरात कुणी गेलं त्या घराला लिहायचं. आपल्याकडे पहिलं वर्ष सण करत नाहीत. नातेवाईक फराळाचं नेऊन देतात, पण दारात कंदील नसतो. अशा घरी ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ जाऊन पडतात ते पाठवणाऱ्यानं यादी न पाहता पाठवल्यामुळे. आणि ज्यांना भान असतं ते काय करावं न सुचून काहीच पाठवत नाहीत. मग त्या घराला दिवाळीत दोनच गोष्टी मिळतात, बेसावध शुभेच्छा किंवा शांतता. माझ्या वडिलांच्या पहिल्या वर्षी मला एक पोस्टकार्ड आलं होतं, त्यांच्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याचं. त्यांनी सांत्वन केलंच नव्हतं. 1978 च्या संपात दोघांनी मिळून एका डब्यातली पोळी-भाजी कशी खाल्ली आणि वडिलांनी कारल्याची फोड कशी मुकाट त्यांच्याकडे सरकवली, एवढंच लिहिलं होतं. वडिलांना कारलं आवडत नव्हतं हे आम्हाला घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी ते निमूट खायचे. त्या दिवाळीत आम्हाला वडिलांबद्दलची एक नवी गोष्ट मिळाली. तेव्हापासून मी अशा घरांना फक्त एक आठवण लिहितो. शक्यतो घरच्यांना माहीत नसेल अशी.

जपानी लोकांनी या प्रसंगासाठी रीतच बांधून घेतली आहे. तिथे नववर्षाची शुभेच्छापत्रं, नेंगाजो, टपालखातं डिसेंबरात गोळा करून ठेवतं आणि 1 जानेवारीच्या सकाळी एकगठ्ठा घरी पोचवतं. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल ते घर आधीच, नोव्हेंबर-डिसेंबरात, साधं कार्ड पाठवून कळवतं की यंदा आम्ही शोकात आहोत, नववर्षाचं अभिनंदन करणार नाही. त्यामुळे कुणाकडून चूक होत नाही. 1949 च्या अखेरीस तिथल्या टपालखात्यानं या कार्डांवर सोडतीचे आकडे छापायला सुरुवात केली, आणि आपल्याला आलेल्या कार्डांना बक्षीस लागलं का हे जानेवारीत घरोघर पाहिलं जाऊ लागलं. 2003 मध्ये अशी 440 कोटींहून जास्त कार्डं छापली गेली होती. 2025 च्या नववर्षासाठी छपाई सुमारे 107 कोटींवर आली. म्हातारी माणसं आता एक शेवटचं कार्ड पाठवतात : वयोमानामुळे पुढच्या वर्षीपासून पाठवणं थांबवतो आहे, आजवरच्या स्नेहाबद्दल ऋणी आहे. हे वाचून मला वाईट वाटलं, आणि त्या रीतीबद्दल आदरही वाटला. आपल्याकडे पत्रं नुसती बंद पडतात. कुणी शेवटचं असं म्हणून लिहीत नाही.

सामूहिक पत्र अगदीच वाईट असतं असं मात्र नाही. त्याचा एक प्रकार मला मनापासून आवडतो. अमेरिकेतले आमिश लोक घरात टेलिफोन ठेवत नाहीत, प्रवासही घोडागाडीनं करतात. दूर विखुरलेल्या भावंडांत ते एक पाकीट फिरवत ठेवतात. समजा सहा भावंडं आहेत. पहिला आपलं पत्र लिहून दुसऱ्याला पाठवतो, दुसरा त्यात आपलं घालून तिसऱ्याला. सहावं पत्र घालून पाकीट पहिल्याकडे परत आलं की तो सगळ्यांची वाचतो, आपलं जुनं पत्र काढून घेतो, नवं घालतो आणि पाकीट पुन्हा वाटेला लावतो. अशी पाकिटं वर्षानुवर्षं फिरत राहतात. इथेही मजकूर सर्वांसाठीच असतो, पण ते सर्व कोण हे लिहिणाऱ्याला नावानिशी ठाऊक असतं, आणि प्रत्येकाला आधीच्या पाचांना उत्तर देणं भाग असतं. आज एका आजोबांची नातवंडं डोंबिवली, बंगळूर, पणजी आणि न्यू जर्सी अशी पांगलेली असतात. त्या घरांना हे जमण्यासारखं आहे. दसऱ्याला ज्येष्ठानं पाकीट सोडावं, गुढीपाडव्यापर्यंत ते फिरून येतं.

परदेशातल्या नातवंडांची एक अडचण आहे. त्यांना मराठी कळते, बोलतातही, पण देवनागरी वाचता येत नाही. म्हणून कित्येक आज्या नाइलाजानं मोडक्या इंग्रजीत दोन ओळी लिहितात, आणि आजी जशी बोलते तशी ती त्या ओळींत नसतेच. मी त्यांना सांगतो, मराठीतच लिहा. मोठं सुटं अक्षर काढा, जोडाक्षरं कमी, वाक्यं लहान. आणि हे पत्र त्या मुलाला त्याची आई किंवा बाबा मोठ्यानं वाचून दाखवणार आहेत हे धरून लिहा. मग पत्रात ‘तुझा बाबा तुझ्याएवढा असताना फटाक्यांच्या आवाजानं पलंगाखाली जाऊन बसायचा’ असं काहीतरी घालता येतं, आणि ते बाबालाच वाचावं लागतं.

साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ सुधा नावाच्या एकाच मुलीला, त्यांच्या पुतणीला, लिहिलेली आहेत. छापून ती हजारो घरांत गेली आणि वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला वाटलं की हे आपल्यालाच लिहिलंय. एकाला लिहिलेलं अनेकांना लागू पडतं. सर्वांना मिळून लिहिलेलं असं का लागू पडत नाही, याचा उलगडा मला तिथे झाला.

आता थोडं कागद-पाकिटाचं. टाइप केलेलं पत्र चालेल का? अक्षर खराब असेल, हात थरथरत असेल, तर जरूर चालेल. पण पानाचा शेवटचा चतकोर मोकळा सोडावा आणि तिथे हातानं तीन ओळी लिहाव्यात, फक्त त्या एका माणसासाठी. म्हणजेच कूपन. वजनाचा बाऊ करू नये. ए-फोर आकाराचा साधा कागद पाच ग्रॅमलाही भरत नाही, त्यामुळे तीन कागद आणि पाकीट साध्या टपालाच्या वीस ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतात. गणपतीचं पत्र कोकणात जात असेल तर बॉलपेननं लिहावं, जेलची शाई पावसात पसरते. दसऱ्याला आपट्याचं पान घालायचं तर ते दोन दिवस वहीत दाबून मग घालावं. संक्रांतीला हलवा पाठवायचा तर चार दाणे सपाट पुडीत, नाहीतर शिक्क्याखाली त्याची पूड होते. दिवाळीचं पत्र वसुबारसेच्या आत पोचावं असं मी बघतो, म्हणून गावाकडची पत्रं दोन आठवडे आधी पेटीत टाकतो आणि परदेशची महिनाभर आधी.

आणि पत्त्यावर पिनकोड लिहावा. त्या सहा आकड्यांमागे एक मराठी माणूस आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर, मूळचे कोकणातले. टपालखात्यात वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशात एका नावाची अनेक गावं, पत्ते लिहिलेले वेगवेगळ्या लिप्यांत, आणि पत्रं भलतीकडे जात. वेलणकरांनी आखलेली पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झाली : पहिला आकडा देशातल्या विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन थेट पत्र वाटणाऱ्या टपाल कार्यालयाचे. महाराष्ट्र आणि गोवा चारच्या घरात येतात. एखाद्या आडगावच्या आत्याचा पिनकोड लिहिताना मला वेलणकरांची आठवण होते. संस्कृतात छंद बांधणाऱ्या माणसानंच तो आकड्यांचा छंद बांधला.

ही सोय आहे तोवर वापरावी. डेन्मार्कच्या टपाल सेवेनं 401 वर्षांनंतर 2025 च्या अखेरीस पत्रं वाटणं थांबवलं. क्षयरोग्यांच्या मदतीसाठी नाताळच्या पाकिटावर चिकटवायचं खास तिकीट 1904 मध्ये पहिल्यांदा निघालं ते याच देशात, एका टपाल कारकुनाच्या कल्पनेतून. आपल्याकडे पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं आणि अजून पोचतं.

पत्राचा सर्वांत खरा भाग पुष्कळदा ‘ता. क.’मध्ये सापडतो. सगळं रीतसर लिहून झालेलं असतं, लोभ असावा म्हणून झालेलं असतं, सहीही झालेली असते. मग हात थांबतो आणि इतका वेळ पोटात ठेवलेलं खाली उतरतं. ताजा कलम म्हणजे दौतीत नव्यानं बुडवलेली लेखणी. जुनी पत्रं वाचायला बसलो की मी आधी तळ बघतो.

मी पुण्याला शिकायला होतो त्या दिवाळीचं आजीचं आंतर्देशीय पत्र त्या तारेवर नाही, माझ्या कपाटात आहे. शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलेलं. भात कापून झाला, कपिलेच्या नातीला गोऱ्हा झाला, काकाचा पाय बरा आहे, दिव्यांना तेल महाग झालंय. आशीर्वाद. अंगठा. आणि मग कडेला, डिंक लावायच्या पट्टीवर, जागा पुरेना म्हणून आडवं लिहिलेलं :

‘ता. क. तू परीक्षेचे काहीच लिहिले नाहीस. पास नसलास तरी ये. चकल्या ठेवल्या आहेत.’